हाउसिंगचं रिजेक्शन : प्रकल्प नोंदी, शिरोली एमआयडीसी, २०२४

१२ फेब्रुवारी
ऑडिट संपलं एकदाचं. आयएटीएफ १६९४९, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड, त्याचं सर्व्हेलन्स, म्हणजे फेरतपासणी होती. कागद सगळे नीट होते पण ऑडिटरनं मॅनेजमेंट रिव्ह्यूची फाइल उघडली आणि विचारलं की खराब क्वालिटीचा खर्च कुठाय, आतल्या रिजेक्शनचा वेगळा आणि कस्टमरकडच्याचा वेगळा. आमच्या फाइलीत त्या रकान्यात नुसती आडवी रेघ. एनसी पडली, म्हणजे त्रुटीचा शेरा. मालक गाडीत बसता बसता मला म्हणाले, तूच बघ हे, तीन महिने घे पण आकडा खरा काढ, ऑडिटरला दाखवायचा नको. शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवलंय, कारण पुढं आकडा बघून ते बदलणार असं वाटतंय.

सगळ्या फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, हिशोब एकदम धरला तर मी त्यातच बुडेन. एकच पार्ट घेतो. चाकणच्या कस्टमरला जाणारं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, एफजी २६० जातीचं ओतीव लोखंड, बारा किलोचा नग, एका बॉक्सात, म्हणजे वाळूच्या साच्यात, एक. महिन्याला सहा हजारावर जातात आणि शिव्या पण ह्याच पार्टाला जास्त.

१६ फेब्रुवारी
डिप्लोमाच्या वेळचं शोधत बसलो होतो. क्वालिटीच्या खर्चाचे चार कप्पे. चूक होऊच नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च, चूक आपल्या गेटच्या आत सापडली तर होणारा खर्च आणि कस्टमरकडं सापडली तर होणारा. जनरल इलेक्ट्रिकमधल्या फायगेनबामनं १९५६ साली मांडलेल्या मांडणीवरनं आलंय हे, म्हणजे मूळ माझ्या बाबांच्या जन्माच्याही आधीचं, आणि आमच्या टॅलीत अजून ह्यातल्या एकाही कप्प्याचं लेजर नाही. अकाउंटच्या ताईंना विचारलं रिजेक्शनचा खर्च कुठं टाकता, त्या म्हणाल्या टाकत नाही, तो माल परत भट्टीत जातो की.

हाच खरा घोळ आहे. मशीन शॉपमध्ये नग बाद झाला तर तो भंगारात दिसतो, त्याचं वजन होतं, भंगारवाला पैसे देतो, मालकाला कळतं की हजाराचे चारशे झाले. फाउंड्रीत बाद नग रनर-रायजरच्या, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटांत गोठलेल्या जादा लोखंडाच्या, ढिगात जातो आणि दुसऱ्या दिवशी भट्टीच्या चार्जमध्ये वितळतो. पुरावाच गायब. मालक पण आज तेच म्हणाले, अरे लोखंड कुठं गेलं, आपल्याच भट्टीत गेलं ना, मग तोटा कसला.

म्हणलं बघूया.

२१ फेब्रुवारी
तीन दिवस स्टोअर, वीजबिल, ठेकेदाराची बिलं असं फिरून एका बाद नगाचा हिशोब काढला. धातू परत मिळतो हे धरूनच, म्हणजे कुणी म्हणायला नको.

बारा किलोचा नग काढायला वीस किलो धातू ओतावा लागतो, बाकीचा रनर-रायजर. वितळवायला टनाला साधारण ६०० युनिट जातात म्हणजे वीस किलोला १२ युनिट, आमच्या बिलात सगळं धरून युनिट ९ रुपयाला पडतं, झाले १०८. परत वितळवताना एक किलो जळून आणि स्लॅगमध्ये (वर येणाऱ्या मळीत) जातं, त्याचे ४५. धातूत घालायचं इनोक्युलंट वगैरे १२. साच्याच्या वाळूत घालायची बेंटोनाइट माती, कोल डस्ट आणि जळलेल्या वाळूचे ४०. नगातली पोकळी करणारा वाळूचा कोअर ७० चा, तो तर फुटूनच जातो. मोल्डिंग आणि पोअरिंगची मजुरी ५५, शॉट ब्लास्ट आणि फेटलिंग, म्हणजे नग साफ करून कडा घासणं, ४८. बेरीज ३७८.

एका चांगल्या नगावर आमच्या कॉस्टिंग शीटप्रमाणं सुटतात ६६ रुपये. म्हणजे एक नग बाद झाला की जवळजवळ पावणेसहा चांगल्या नगांची कमाई गेली, लोखंड भट्टीत परत जाऊन सुद्धा.

हाच नग चाकणला जाऊन मशीनिंग करताना ब्लो होल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूची पोकळी, उघडं पडलं तर? आमचा खर्च १,०७४ झालेला असतो, वर त्यांच्या मशीनिंगचे ४२० डेबिट नोटमध्ये येतात, परत आलेल्या लोखंडाचे ३६७ वजा केले तर १,१२७ गेले. सतरा नगांची कमाई. आणि ओतायच्या आधीच मोल्डरनं साचा खराब आहे म्हणून मोडला असता तर? कोअर वाचला तर चाळीस रुपये, कोअर गेला तर एकशे दहा. नग तोच, दोषही तोच, फक्त कुठं सापडला त्यावर चाळीस का अकराशे ते ठरतं.

मालकांना कागद दाखवला. बराच वेळ बघितला आणि विचारलं, हे ४५ कुठनं आणलेस. म्हणजे बाकीचं पटलं.

२ मार्च
फेब्रुवारीचा हिशोब लागला. ओतले ६,६००, आत बाद ५४०, म्हणजे ८.२ टक्के. चाकणला बाद ९६.

आतलं रिजेक्शन २,०४,१२०. कस्टमरकडचं १,०८,१९२. त्यांच्या गोडाऊनमध्ये आमचा माल निवडायला बसवलेल्या पोरांचे ३८,०००, हे बिल एक एजन्सी लावते आणि आम्ही गुपचूप भरतो. माल कमी पडला म्हणून दोनदा स्पेशल टेम्पो पाठवला, २९,०००. ग्राइंडिंग करून वाचवलेल्या मालाचे २७,०००. तपासणीचे पगार ६२,०००. आणि चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, म्हणजे सँड लॅब, थोडं मेंटेनन्स, एक ट्रेनिंग, सगळं मिळून ६,५००.

एकूण ४,७४,८१२. त्या महिन्यात ह्या पार्टवरची शीटवरची कमाई चार लाखाला चाळीस रुपये कमी. सरळ वजाबाकी करायची नाही हे माहितीय, कारण तपासणीचे पगार आणि तीन टक्के रिजेक्शन शीटमध्ये आधीच धरलंय. पण ती शीट २०१९ ची आहे. तीन टक्के शेवटचं कधी होतं ते फाइलीत शोधलं, सापडलं नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास ६,५०० नं दिला. पावणेपाच लाखातले साडेसहा हजार.

६ मार्च
मीटिंग. मी म्हणलं कारण शोधूया, थोडा वेळ द्या. मालक, प्रोडक्शनचे साहेब सगळे म्हणाले आधी आग विझव, चाकणचा मेल रोज यायलाय, फायनल तपासणीला तीन पोरं वाढव, शंभर टक्के चेकिंग कर. त्यांचं पण चुकीचं नाही, कस्टमर कंट्रोल्ड शिपिंगची, म्हणजे जादा तपासणी झाल्याशिवाय माल न घेण्याची, धमकी द्यायलाय. तीन पोरं घेतली, महिन्याला ५१,००० वाढले. प्रत्येक नग हातात घेऊन, हातोडीनं वाजवून, टॉर्च मारून बघायचा.

आतलं ब्लो होल टॉर्चनं दिसत नाही हे मी दोनदा बोललो. मिनिट्समध्ये आलं नाही म्हणून इथं लिहितो.

३ एप्रिल
मार्चचं निघालं. ओतले ६,६५०, आत बाद ५९८, चाकणला ४१. सगळे खूश, निम्म्याहून खाली आलं म्हणून चाकणच्या साहेबांनी पण बरं म्हणलं.

आता खर्च. आतलं २,२६,०४४, कस्टमरचं ४६,२०७, निवडणाऱ्या पोरांचे १९,०००, टेम्पो एकदाच १४,५००, ग्राइंडिंग ३४,०००, तपासणी १,१३,०००, आणि तेच ६,५००. एकूण ४,५९,२५१.

फेब्रुवारीपेक्षा १५,५६१ रुपयांनी कमी. एवढी पळापळ करून. वाईट नग तेवढेच तयार होतात, आधी चाकणला सापडायचे आता त्यातले काही फायनलला सापडतात, एवढाच फरक, आणि सापडवायला माणसं लागतात त्यांचा पगार. पाणी गळतंय तिथं घमेलं ठेवल्यासारखं झालं. घमेलं पाहिजेच, नाहीतर खाली भिजतं, पण कौल कुणी बदलायचं.

मालकांना पंधरा हजारांचा आकडा दाखवल्यावर ते गप्प झाले आणि म्हणाले, बरं, कारण शोध.

१० एप्रिल
काल पाडव्याची सुट्टी. आज सकाळी ओतलेल्या मालाचं फेटलिंग बघत उभा होतो. पहिल्या १४० नगांत बाद ३. तीन! मला वाटलं पोरानं मोजायला चूक केली, परत मोजलं. मोल्डर तेच, साच्याचा पॅटर्न तोच, धातूचे घटक तपासणारं स्पेक्ट्रो रोजच्यासारखं, मग सणाच्या दुसऱ्या दिवशी काय वेगळं झालं? जुनी रजिस्टरं काढली तर साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दर वेळी कमी दिसतंय. तीन वर्षाची रजिस्टरं आहेत, रोज सही होते, मी पण सही केलीय, आणि असं आडवं कुणी बघितलंच नव्हतं.

प्रोडक्शनचे साहेब म्हणाले सुट्टीनंतर माणसं ताजी असतात. असेल. पण माणसांनी ब्लो होल कमी होत नसतात.

१६ एप्रिल
आमच्या नगावर तारीख आणि हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या घाण्याचा नंबर, असतो, तास नसतो. कोणता नग दिवसाच्या कुठल्या वेळचा ते कळतच नाही. पॅटर्नशॉपमधनं छोटे आकडे करून घेतले, मोल्डरनं दर तासाला साच्यात तो आकडा दाबायचा. मोल्डिंगचा ठेकेदार नाराज, बॉक्सामागं दोन सेकंद जातात म्हणतो. त्याला बॉक्सावर पैसे मिळतात, नग चांगला निघो नाहीतर वाईट, बॉक्स भरला की पैसे. ह्यावर वेगळं लिहायला पाहिजे कधीतरी, आज नको.

२४ एप्रिल
काल जोतिबाची चैत्र यात्रा, निम्मी माणसं डोंगरावर, आज परत आलेत ते अजून गुलालात आहेत. तासवार आकडे आले, आठवडाभरात १,४८० बॉक्स.

सकाळी ८ ते दुपारी १ : ४.१ टक्के बाद. १ ते साडेचार : ९.३. दुसरी शिफ्ट : १२.८.

दोष बघितले तर सकाळचे निम्मे साधे आहेत, मिसमॅच (साच्याचे भाग न जुळणं), कोल्ड शट (धातू नीट एकजीव न होणं). दुपारनंतर मात्र ब्लो होल आणि वाळू पडून झालेले खड्डे.

सँड मिलवर, म्हणजे साच्याची वाळू कालवतात तिथं, गेलो. तिथले मामा २७ वर्षं मिलवर आहेत, वाळू मुठीत दाबून, मोडून, पाणी वाढवायचं का नाही ते ठरवतात. त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी तक्ता बघितला पण नाही, म्हणाले, "सर, दुपारनंतर वाळू माझं ऐकत न्हाई. गरम येती. पाणी मारलं की वाफ हुन जातंय, बॉक्सात जाईस्तवर परत सुकी. मी दिवाळीतच सांगितलंतं."

कुणाला सांगितलं विचारल्यावर त्यांनी नुसतं ऑफिसकडं हात केला.

दिवाळीत काय झालं होतं ते मग लागलं. नोव्हेंबरपासून बॉक्सचं टार्गेट शिफ्टला ३२० वरनं ४१० केलं. एका बॉक्साला साधारण १२० किलो वाळू. म्हणजे शिफ्टला ३८ टन लागायची ती आता ४९ टन लागते, आणि सगळ्या प्लॅंटमध्ये फिरती वाळू आहेच ३० टन. सकाळी पहिला फेरा थंड वाळूचा, तो एकच्या सुमारास संपतो, मग तीच वाळू नॉक आउटवरनं, म्हणजे साचे फोडतात तिथनं, गरम गरम परत. बरोब्बर एकला रिजेक्शन चढतंय ते म्हणूनच. वर सँड कूलरचा ब्लोअर दोन वर्षं बंद, मोटर जळाली ती रिवाइंडिंगला गेलीच नाही. वाळू साठवायचा तिसरा हॉपर ती घट्ट धरून बसलाय म्हणून बंद.

वाळू पन्नास डिग्रीच्या वर गेली की काय होतं ते पुस्तकात आहे आणि मामांच्या मुठीत पण. मिलमध्ये पाणी नीट मुरत नाही, बॉक्सपर्यंत जाताना उडून जातं, साच्याच्या कडा सुकून वाळू गळते, ते झाले खड्डे. आणि उडालेली वाफ साच्यात थंड कोअरवर जाऊन बसते, धातू पडला की तिथनं गॅस, ते झालं ब्लो होल. मामा सुक्याला घाबरून अजून पाणी मारतात, मग अजून वाफ.

आज मोजलं. साधा पायरोमीटर उसना आणला होता. सकाळी ४०, दुपारी तीनला ५७, रात्री नऊला ६३ डिग्री. कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे दाबल्यावर वाळू किती टक्के बसते ते, सकाळी ४१, रात्री ३१. टेस्टर लॅबमध्येच आहे, रोज सकाळी नऊला एकदा टेस्ट होते आणि रजिस्टर कायम हिरवं. चुकीच्या वेळी केलेली बरोबर टेस्ट.

२९ एप्रिल
प्रस्ताव दिला. १५ टन नवी वाळू बेंटोनाइटसकट ५०,०००. ब्लोअरची मोटर आणि बेअरिंग २३,०००. रिटर्न बेल्टवर पाण्याचा स्प्रे, नॉझलसकट ११,०००. हॉपर साफ करायची मजुरी ६,०००. हातातला इन्फ्रारेड थर्मामीटर २,२००. एकूण ९२,२००. शिवाय दर दोन तासाला वाळू टेस्ट करायला एक मुलगा.

मालक म्हणाले एवढंच? मग लगेच म्हणाले, मोटर सेकंडहँड बघितलीस का. सही केली पण.

टार्गेट ३२० वर आणायचं मी मुद्दाम मागितलं नाही. मागितलं असतं तर कागदच फेकला असता. आणि गरज पण नाही, वाळू ४५ टन झाली की ४१० बॉक्सला जुनाच फेरा मिळतो.

८ मे
काल मतदान, कारखाना बंद. आज सकाळी वाळू ३३ डिग्री. एक वाजेपर्यंतच्या मालात बाद २.६ टक्के, रात्रीच्या शिफ्टला परत ११ च्या वर. हा आकडा मी प्रोडक्शनच्या साहेबांना मुद्दाम नेऊन दाखवला, कारण त्यांचं अजून मोल्डरवरच बोट होतं. ते म्हणाले आता मोटर कधी येणार.

मोटर आली नाही. रिवाइंडिंगवाल्याचा कारागीर गावाला मतदानाला गेलाय तो अजून परत नाही.

१८ मे
ब्लोअर सुरू. पहिल्या दोन तासांत धूळ अडवणारा बॅग फिल्टर चोक झाला आणि सगळ्या शॉपमध्ये धुळीचा ढग, कुणाचं तोंड कुणाला दिसेना. म्हणून बंद ठेवला होता की काय दोन वर्षं, असं क्षणभर वाटलं. बॅगा बदलल्या, ४,८०० वाढीव. संध्याकाळी पाचला वाळू ४६ डिग्री.

मामा मुठीत घेऊन बघत होते. काही बोलले नाहीत, दुसऱ्या हॉपरकडं गेले.

३ जून
मे महिना ओतले ६,५००, बाद ४४९, ६.९ टक्के. अर्धा महिना जुना, अर्धा नवा, म्हणून ह्यावरनं काही म्हणायचं नाही. चाकणचा आकडा तर अजून महिनाभर विश्वास ठेवण्यासारखा नाही, त्यांच्याकडं जुना माल तीन आठवडे पुरतो.

१४ जून
पाऊस लागला आणि परवापासून पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, यायला लागले. धाकधूक झाली. वाळू बघितली, ठीक आहे. कारण वेगळंच, उघड्यावरचं स्क्रॅप भिजून गंजलंय आणि तसंच भट्टीत जायलंय. पत्र्याखाली हलवलं, दोन दिवसांत कमी आलं. दर पावसाळ्यात हे होतं म्हणे आणि दर पावसाळ्यात दोन दिवस शोधतात. दरवाज्यावर पाटी लावली, पाच जूनच्या आधी स्क्रॅप आत. पाटीला ऐंशी रुपये.

२ जुलै
जून. ओतले ६,४००, बाद २६२, ४.१ टक्के. चाकणला १७. आतलं ९९,०३६, कस्टमरचं १९,१५९, निवडणं शून्य, टेम्पो शून्य, ग्राइंडिंग १५,०००. तीनातली दोन पोरं तपासणीवरनं काढून एकाला वाळू टेस्टिंगला आणि एकाला कोअर शॉपला दिलं, तपासणी ७९,०००. आणि चूक होऊ नये म्हणूनचा खर्च ६,५०० वरनं २८,०००, त्यात त्या वाळूवाल्या मुलाचा पगार, बॅगा, स्प्रेची देखभाल आली. एकूण २,४०,१९५.

फेब्रुवारीला ४,७४,८१२ होतं. ताईंनी टॅलीत चार लेजर उघडलीत, नावं मराठीत ठेवलीत, चौथ्याचं नाव "गेटबाहेरची चूक".

अजून एक गोष्ट ह्या बेरजेत नाही. फेब्रुवारीत ५४० बाद नगांनी भट्टीचे जे तास खाल्ले त्यात आता पंपाच्या पार्टचे बॉक्स लागतात, तेवढी विक्री जास्त झाली. ती कुठल्या कप्प्यात टाकायची मला कळलं नाही म्हणून बाहेर ठेवलीय. ९२,२०० आणि बॅगांचे ४,८०० जूनच्या एकाच महिन्यात वसूल झाले.

शिफ्टचे बॉक्स ४१० च आहेत. ठेकेदाराशी मात्र बोलणं फिसकटलं. चांगल्या नगावर दर द्यायचा म्हणलं तर तो म्हणतो वाळू तुमची, धातू तुमचा, कोअर तुमचा, मग दोष माझा कसा. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि आता तासवार आकडे असल्यामुळं त्याला पण ते माहितीय.

९ जुलै
चाकणच्या परचेसचा मेल. आपल्या क्वालिटीत झालेल्या सुधारणेबद्दल अभिनंदन, पीपीएम (दहा लाख नगांमागं बाद किती ते) फार चांगला आलाय, आणि आता आपला रिजेक्शनचा खर्च कमी झाला असणार तर ह्या वर्षीची दोन टक्के दरकपात लगेच लागू करावी. नगाला २२ रुपये ८० पैसे. महिन्याला एक लाख चाळीस हजाराच्या आसपास, म्हणजे जे वाचवलं त्यातलं निम्म्याहून जास्त.

मालकांनी मला बोलावलं, मेल वाचून दाखवला आणि विचारलं, हा आकडा त्यांना कुणी सांगितला. मी म्हणलं कुणी नाही, त्यांना पण हिशोब येतो. थोडा वेळ दोघंही गप्प. मग म्हणाले २०१९ ची कॉस्टिंग शीट काढ, नवी करूया, वीज आणि बेंटोनाइटचे आजचे दर घाल आणि रिजेक्शन ४ टक्केच धर, तीन लिहू नकोस. चाकणला गुरुवारी जायचंय. मामांना पण गाडीत घे म्हणाले. कशाला ते सांगितलं नाही.